चंद्र कोणाचा, या प्रश्नाचे ऋण : प्रा. टोनी मिलिगन यांस अनावृत पत्र

आदरणीय प्रा. टोनी मिलिगन यांस,

स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही आणि मराठीतले हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेलच अशी खात्रीही नाही; तरीही ज्या भाषेत मी नीतिशास्त्र शिकवतो त्याच भाषेत, अवकाशाच्या नीतिशास्त्रावरील आपल्या लेखनाबद्दल, आपले आभार मानावेत, हे मला रास्त वाटते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेला उतरले, त्यानंतर एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले की, आता तिथली जागा आपली झाली का. १९६७ च्या अवकाश कराराचे दुसरे कलम वाचून दाखवणे सोपे होते : चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. पण मालकी न सांगता ताबा मिळवता येतो का, हा त्यापुढचा प्रश्न मी वर्गापुढे ठेवू शकलो, तो आपण खगोलशास्त्रज्ञ मार्टिन एल्विस आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक अलाना क्रोलिकोव्स्की यांच्यासह २०१६ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे.

चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या काही उंच कड्यांवर वर्षातील बहुतेक काळ ऊन असते आणि लगतच्या विवरांच्या तळाशी कायमचा अंधार असतो, जिथे पाण्याचे बर्फ टिकून राहते. वीज आणि पाणी शेजारी-शेजारी मिळण्याच्या अशा जागा फारच थोड्या. एखाद्या देशाने तिथे सूर्याचा अभ्यास करणारी रेडिओ दुर्बीण म्हणून साधी उघडी तार अंथरली, तर संशोधनात व्यत्यय नको या सबबीवर इतरांना त्या कड्यापासून दूर ठेवता येईल, हे आपण त्या लेखात दाखवून दिले. गावच्या वहिवाटीच्या रस्त्यावर कोणी आधी खुंट ठोकला, यावरून पिढ्यानपिढ्या दावे लढणाऱ्या मुलखातील माझ्या विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद समजावून सांगावा लागला नाही.

त्याहून अधिक ऋण मात्र २०१९ च्या लेखाचे आहे. सूर्यमालेतील साधनसंपत्तीपैकी एक अष्टमांशाहून अधिक भाग वापरू नये आणि उरलेले सारे अस्पर्श ठेवावे, असे आपण व एल्विस यांनी त्यात सुचवले. लघुग्रहांच्या पट्ट्यातील लोखंडाचा नुसता आठवा हिस्सादेखील पृथ्वीवरील ज्ञात लोहखनिज साठ्यांच्या दहा लाख पटींहून अधिक भरतो, हे वाचल्यावर एवढ्या संयमाची घाई कशाला, असे कोणालाही वाटेल. उत्तर चक्रवाढीत आहे. वापर दरसाल साडेतीन टक्क्यांनी वाढला तर तो सुमारे वीस वर्षांत दुप्पट होतो. या गतीने आठवा हिस्सा संपायला साधारण चारशे वर्षे लागतात आणि पुढे पाव, अर्धा, पूर्ण अशा तीन दुपटींत, म्हणजे साठ वर्षांत, सगळेच संपते. हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा, चारशे वर्षांनंतरची चिंता आज कशाला म्हणणारी मागच्या बाकांवरची मंडळीसुद्धा वह्या काढून हिशेब तपासू लागली. नीतिशास्त्राच्या तासाला हे क्वचितच घडते!

आपले सगळेच मला पटते असे नाही. आठवा हिस्सा मोजणार कोण, आणि ज्यांनी अजून एकही यान पाठवलेले नाही त्यांचा वाटा त्या आठव्यात कसा राखायचा, याचे उत्तर मला त्या मर्यादेत सापडत नाही. भारताने जून २०२३ मध्ये, चंद्र व अवकाश मोहिमांच्या नियमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली. त्यातील ‘सुरक्षा क्षेत्रां’ची, म्हणजे एकाच्या कामात इतरांचा व्यत्यय येऊ नये म्हणून आखायच्या परिसरांची, तरतूद आपल्या त्या तारेच्या उदाहरणापासून किती दूर आहे, यावर आमच्या वर्गात अजून एकमत नाही. पण हा वाद घालण्याची साधने आपणच पुरवलीत. सविनय कायदेभंगावर ग्रंथ लिहिणाऱ्या अभ्यासकाला मतभेदाचे वावडे नसावे, असे मी धरून चालतो.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. परदेशी नियतकालिकांची वर्गणी आमच्या ग्रंथालयाला परवडत नाही. वर उल्लेखलेले दोन्ही लेख आर्काइव्ह (arXiv) या इंटरनेटवरील खुल्या लेखसंग्रहावर विनामूल्य उपलब्ध आहेत, म्हणूनच त्यांच्या छायाप्रती काढून विद्यार्थ्यांच्या हाती देता आल्या आणि त्यांना माझ्या सारांशावर विसंबून राहावे लागले नाही.

आपला कृतज्ञ,
तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक