पाठ आम्ही फिरवली नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खेळावरचे विनोदी चित्रपट का पडतात, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे. पण ‘मैदानावरची थट्टा आपल्या प्रेक्षकाला पचत नाही’ हे वाचून गप्प बसवेना. हा प्रेक्षक त्यांना भेटला कुठे? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवसभर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोड्यांवर जीव टाकणारी माणसं त्याच रात्री तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटकाला बसतात, आणि नाटकात विनोदी नट हवाच असतो. कबड्डीच्या सामन्यात माईकवरचा निवेदक बाद झालेल्या गड्याच्या सासऱ्यालाही सोडत नाही. गडी हसतो, सासरा हसतो, आणि पुढच्या चढाईला सगळे पुन्हा श्वास रोखून उभे.

पडलेले चित्रपट मीही पाहिले आहेत. त्यात चढाई करणाऱ्याला दम टिकवता येत नाही, पंच शिट्टी कशाला फुंकतो ते कळत नाही, आणि गावाकडचा खेळाडू म्हणजे बावळट, आमची बोली बोलला की हशा. ते पडले ते बरंच झालं. ‘लगान’मध्ये (२००१) गावच्या संघातला गोली गोफण फिरवल्यासारखा हात गरगर फिरवून चेंडू टाकतो, गोरा कप्तान तक्रार करतो आणि पंच चेंडू चालू देतात. हसू येतं ते गोऱ्याच्या फजितीचं, गोलीचं नाही. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा बास्केटबॉल संघ आहे, तिथेही फजिती होते ती त्यांच्या गर्विष्ठ प्रशिक्षकाची. अंतिम सामना हरूनही ते नाचतात. तो चित्रपट चांगला चालला, आणि लेखात त्याला जेमतेम एक ओळ!

पण खरा राग ‘झुंड’बद्दल आहे. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावरचा, झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलचा चित्रपट, मार्च २०२२ मध्ये लागलेला. त्याचा पूर्वार्ध पोट धरून हसवतो. ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ असं लेखकांनी लिहिलं आहे, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो. तालुक्याची टॉकीज केव्हाच बंद पडलेली. विकलेल्या धानाचे चुकारे, म्हणजे पैसे, हातात आले होते, म्हणून वर्गणी काढून आमच्या कबड्डी मंडळाची गाडीभर पोरं घेऊन मी शहरात गेलो. खिडकीवर उत्तर मिळालं, बुकिंग नाही, शो रद्द. त्या जागी दुसराच चित्रपट लावलेला. सगळी तिकिटं आत्ता रोखीनं घेतो म्हटलं, तरी नाही. आधी ऑनलाइन काढायला हवी होती म्हणे. आमच्या गावात फोनला रेंज यायची तर पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं. एका पोरानं विचारलं, “सर, आपल्या नागपूरचा पिक्चर आपल्यालेच काहून नाही दाखवत?” मला उत्तर देता आलं नाही.

आमचे पैसे खिशात तसेच राहिले आणि गल्ल्याच्या हिशेबात आम्ही न आलेले प्रेक्षक ठरलो. पुढे तो चित्रपट पोरांनी मोबाइलवर पाहिला. बस्तीच्या पोरांचा कॉलेजच्या संघाशी होणारा सामना तर त्यांना तोंडपाठ आहे. चित्रपट चालला की नाही हे ठरवताना, तो किती तालुक्यांत पडद्यावर लागला हेही लेखकांनी विचारायला हवं होतं.

आणखी एक. मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या जत्रेनिमित्त, झालेल्या आमच्या कबड्डी स्पर्धेचा निकाल फोटोसह आपल्याकडे पाठवला होता. तो आला नाही. त्या दिवशी क्रीडा पानावर एका क्रिकेटपटूच्या लग्नाचे फोटो होते. जिंकलेली पोरं पानटपरीवर रोज अंक चाळत होती. निकाल पुन्हा पाठवत आहे. उपविजेत्या संघाचं नावही त्यात आहे, तेही छापावं.

आपला,
झाडीपट्टीतला एक कबड्डी प्रशिक्षक
जि. चंद्रपूर