चासी कापण्याआधी कोन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी बुलेट किंवा स्प्लेंडर घ्यायची, मागची चासी (गाडीचा सांगाडा) कापून आखूड करायची, हॅण्डलची मान (चासीची पुढची नळी, जिच्यात हॅण्डल फिरते) पुढे काढायची, चिमटा (मागचे चाक धरणारा दांडा) लांबवायचा आणि जाड टायर चढवायचा, ही कामे आता गल्लीतल्या गॅरेजातही होतात. फोटोत गाडी देखणी दिसते. रस्त्यावर ती कशी वागेल, हे मात्र मालकाला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

गाडी सरळ किती धावते आणि वळते कशी, हे मुख्यतः दोन मापांवर ठरते. मान उभ्या रेषेपासून जितके अंश कललेली, तो रेक. मानेची रेघ खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला टेकते. तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. पुढच्या चाकाची त्रिज्या 315 मिमी, टी-चा (पुढच्या फोर्कच्या नळ्या मानेला जोडणारा भाग) ऑफसेट, म्हणजे नळ्या मानेच्या रेघेपासून जितक्या पुढे ते अंतर, 45 मिमी आणि रेक 26 अंश धरला, तर ट्रेल सुमारे 104 मिमी येतो. त्याच टी आणि त्याच चाकावर रेक 32 अंश केला की ट्रेल होतो 144. सहा अंशांनी 40 मिमी! अशी गाडी मोकळ्या महामार्गावर रेघेत धावते. पण सिग्नलला हळू चालवताना हॅण्डल आपोआप एका बाजूला पडू पाहते. दिवे घाटाच्या वळणावर हॅण्डल जास्त फिरवावे लागते, आणि तेवढी जागा मिळाली नाही की गाडी समोरच्या लेनमध्ये जाते.

उलट चूकही तितकीच होते. पुढून गाडी बुटकी दिसावी म्हणून फोर्कच्या नळ्या टी-मधून 25 मिमी वर सरकवतात. 1400 मिमी व्हीलबेसला (दोन चाकांच्या मध्यांतले अंतर) रेक साधारण एक अंशाने कमी होतो, ट्रेल सहा-सात मिमी घटतो. हॅण्डल हलके लागते, आणि वेगात शेजारून ट्रक गेला की थरथरू लागते. त्यात कोन सेट (मानेतल्या बेअरिंग) झिजलेला असेल तर ती थरथर आवरत नाही. शिवाय मोठ्या गतिरोधकावर मडगार्ड खालच्या टी-वर आदळते.

चिमटा लांबवण्याचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. 500 मिमीचा चिमटा 600 केला आणि शॉकअपची जागा तीच ठेवली, तर चाकाला जाणवणारी स्प्रिंग जवळपास 30 टक्क्यांनी मऊ होते, कारण लांबीच्या पटीचा वर्ग लागतो. मागे माणूस बसला की शॉकअप तळाला लागतो. 428 मापाची चेन 16 कड्यांनी वाढवावी लागते, मागच्या ब्रेकचा रॉड किंवा होज बदलावा लागतो, आणि वळायला जागाही जास्त लागते. अरुंद रिमवर बसवलेला जाड टायर चिमटला जाऊन मधून फुगतो, गाडी वळणात कलायला अडखळते, आणि टायर चेनला घासतो.

मागची चासी कापताना शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या मागे कापतात, तेवढे ठीक वाटते. पण दोन्ही माउंटिंगना जोडणारा आडवा पाइपही तिथेच असतो. तो गेला की दोन्ही शॉकअप वेगवेगळे काम करतात आणि खड्ड्यात मागचा भाग पिळवटतो. जुन्या बुलेटमध्ये तर इंजिन हाच चासीचा एक भाग आहे. तिथे इंजिनचा माउंटिंग बोल्ट सैल राहिला तर चासीच सैल.

पातळ पाइपवर साधे रॉडचे वेल्डिंग चालत नाही, भोक पडते. काम आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने करावे. जोडात आत घट्ट बसणारा पाइपचा तुकडा दोन्हीकडे किमान 25-30 मिमी जाईल असा घालावा, भोके पाडून तोही वेल्ड करावा. आधी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत, जिगवर (चासी धरून ठेवणारा साचा) माप घ्यावे, मग दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून भरावे. एकाच बाजूने भरले तर चासी तिकडे ओढली जाते. वेल्ड घासून सपाट करण्याची हौस सगळ्यात घातक, कारण तडा तिथूनच जातो. बॅटरी व ईसीयूची (इंजिनचा संगणक) जोडणी आधी काढावी. वेल्डिंग मशीनचे अर्थिंग जोडाजवळच द्यावे, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर खड्डे पडतात.

अर्थात हे तंत्र अपघातातल्या चासीच्या दुरुस्तीसाठी. हौसेखातर चासी बदलायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अनेक गाड्यांचा चासी नंबर मानेवरच असतो. मान कापताना तो खराब झाला तर गाडीची ओळखच जाते.

सीट, हॅण्डल, टाकीचा रंग यांनी गाडीचे रूप पुष्कळ बदलते. तिथे कल्पकता दाखवावी. जुनी बदललेली किंवा अपघातातली गाडी विकत घेणाऱ्याने एक दोरी जरूर न्यावी. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना ती टेकवून पुढे ताणावी. पुढचे चाक सरळ ठेवले असता दोन्हीकडचे अंतर सारखे नसेल, तर आधी मागच्या चाकाची अलाइनमेंट तपासावी. ती बरोबर असूनही फरक राहिला, तर चासी किंवा चिमटा वाकडा आहे. सौदा तिथेच थांबवावा.

आपले,
चासी दुरुस्तीचे काम करणारे मेकॅनिक,
पिंपरी-चिंचवड