टेकडीवरचे खड्डे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वेताळ टेकडीवर वृक्षारोपणाचे फलक लागतात. यंदाही लागतील, म्हणून आधीच लिहितो. कोथरूडच्या बाजूने रोज सकाळी टेकडी चढायला लागून मला बावीस वर्षे झाली.

गेल्या जुलैत एका कंपनीची मंडळी एकसारखे टी-शर्ट घालून आली होती. माळावर खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले. त्या खड्ड्यांच्या रांगेवर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती. वाकून पाहिले तर मुरमात चार अंडी, मुरमाच्याच रंगाची. पुढचा खड्डा तिथून हातभर. मी सांगितले, त्यांनी सौजन्याने ऐकूनही घेतले. अंड्यांभोवती दगड रचले, फोटो काढला आणि त्याच खड्ड्यात कडुनिंब लावला. तिसऱ्या दिवशी तिथे ना टिटवी होती ना अंडी. कडुनिंबही मार्चपर्यंत वाळून गेला. त्याला पाणी घालायला कोण येणार?

गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा, हा समज काही केल्या जात नाही. वर वीतभर माती आणि खाली काळा कातळ, अशा जमिनीवर गवत आणि मध्ये मध्ये सालई, मोई, गणेर, धावडा, हेच टेकडीचे मूळ रूप. पहिल्या पावसानंतर गवतात आषाढ आमरीची पाने जमिनीला चिकटून उगवतात आणि त्यातून पांढरे फूल वर येते. बूट सांभाळून टाकला नाही तर कळतही नाही. चंडोल, लावे, तित्तर सगळे जमिनीवरच घरटी करतात. दिवाळीनंतर मोज्यांत अडकणारी कुसळे वैताग आणतात हे खरे, पण ती कुसळे आहेत तोवर माळ आहे.

पूर्वी याच टेकडीवर ‘हिरवाई’ म्हणून गिरिपुष्प लावले. मध्य अमेरिकेतले झाड, भराभर वाढते. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याच्या दाटीत जाऊन पाहा, पाचोळ्याखाली गवताची काडी सापडणे मुश्कील. फेब्रुवारीत त्याला गुलाबी बहर येतो आणि लोक त्याखाली हौसेने फोटो काढतात. शेजारी गणेर पिवळाधमक फुललेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही!

एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवरून नेण्याचे ठरलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येने चालले, त्यात मीही होतो. तेव्हा सोबत असलेल्यांपैकीच काही जण आता रोपे घेऊन वर येतात, त्यामुळे रागावताही येत नाही. पण झाडे लावायचीच तर सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, ज्या रस्त्यांची सावली रुंदीकरणात गेली तिथे लावा.

वन विभागाला आणि महापालिकेला विनंती एवढीच की माळावर लागवडीची परवानगी देऊ नये. गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावे, एकदम नको, कारण आता त्यावरही पक्षी घरटी करतात. आणि जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून केलेले मोकळे पट्टे, जानेवारी संपायच्या आत काढाव्यात. गेल्या वर्षी आमच्या बाजूला त्या काढल्या, पण वणवा लागून गेल्यावर.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे