बीसीजी अर्ध्यावर सुटते, कारण कुणी समजावत नाही

महोदय,
स. न. वि. वि.

जिवाणूंच्या पेशीतल्या घटकांनी कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवण्याविषयीची आपली बातमी वाचली. तिचा सूर 'पुढे कधीतरी' असा होता. पण असा एक उपचार आपल्याकडे आजही चालू आहे आणि माहितीअभावी रुग्ण तो मध्येच सोडतात.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीभर बाळांच्या डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची (क्षयरोगाची) लस टोचली. मग माझ्या यजमानांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. निदान झालं मूत्राशयाच्या कर्करोगाचं, सुदैवाने स्नायूत न शिरलेल्या. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर डॉक्टरांनी लिहून दिली ती बीसीजीच! नळीने मूत्राशयात सोडायची, सुमारे दोन तास लघवी धरायची. दर आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे. भावकीत लगेच बोलणं सुरू झालं, "यांच्या अंगात टीबी सोडतायत."

बीसीजीतले जंतू जिवंत असले तरी दुबळे केलेले असतात. त्यांच्या पेशीभित्तिकेतले घटक ओळखून आपल्या संरक्षक पेशी मूत्राशयाच्या अस्तरात गोळा होतात आणि तिथल्या कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली १८९१ पासून जंतू टोचून गाठींवर उपचार करत होते. मूत्राशयातल्या बीसीजीचे निष्कर्ष कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली मांडले. युरोपात २००९ मध्ये मंजूर झालेलं हाडाच्या कर्करोगावरचं मिफामुर्टाइड हे औषध तर जिवाणूच्या भित्तिकेतल्या एका तुकड्यावरूनच बेतलंय, त्यात जंतूच नाही. मूत्राशयासाठीची बीसीजी आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते.

डोसनंतर जळजळ होते, कणकण येते, वारंवार लघवीला जावं लागतं. नेमकं इथेच माणसं घाबरतात. यजमानांबरोबर बाकावर बसणारे एक काका असेच यायचे थांबले. दोन दिवसांत ओसरणारा त्रास अपेक्षित असतो. ताप जास्त असला किंवा उतरत नसला तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवायचं. डोसनंतरचे पहिले सहा तास दर वेळी लघवी केल्यावर संडासात ब्लीच ओतून थोडं थांबायचं, मग पाणी सोडायचं. हे आम्हाला घाईघाईत तोंडी सांगितलं गेलं. मी या क्षेत्रातली म्हणून लक्षात राहिलं.

आपल्या आरोग्य पुरवणीत ही माहिती चौकटीत छापावी. रुग्णालयांनीही पहिल्या डोसआधी ठळक अक्षरातलं मराठी पत्रक रुग्णाच्या हातात द्यावं आणि शंका विचारायला एक फोन नंबर त्यावर लिहावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा