अण्णा, नळाला पाणी आलं!

अण्णा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर असलं काय वाचत नाही माहितीय, म्हणून हे तुमच्या मुलीला पाठवलंय, ती वाचून दाखवेल. आणि असं सगळ्यांसमोर टाकायचं कारण म्हणजे तुमच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात थँक्यू म्हणलं की तुम्ही "चल चल, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून हाकलता.

गाडीतच झोपून-खाऊन फिरता यावं म्हणून जुनी ईको व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढल्या, फळ्या ठोकून पलंग केला, आणि पाण्यापाशी येऊन सगळं अडलं. एका ठिकाणी कोटेशन घेतलं तर त्यात गीझर, शॉवर, काय काय, तेवढ्यात अजून एक सेकंडहँड गाडी आली असती. मग माझ्या डोक्यात आलं की टपावरच साठ लिटरची टाकी बसवू, पंपाची भानगडच नको. तुम्ही नुसतं वर बघितलं आणि म्हणालात, "काय करूलालास बे? साठ लिटर म्हणजे साठ किलो, तेबी टपावर, वळणाला गाडी डुलंल की. आणि मे महिन्यात त्या पाण्यात चहापत्ती टाकली तरी चालंल." सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्याला हे सांगावं लागलं, लाज वाटली खरं.

खरं तर चार दिवसाआड नळ येणाऱ्या गल्लीत वाढलेल्याला पाणी साठवायला कोण शिकवणार, पण साठवलेलं पाणी चालत्या गाडीत नळातून काढणं वेगळंच. तुम्ही बसवून दिलंत ते असं: वीस लिटरचे दोन फूड ग्रेड, म्हणजे खाण्यापिण्याचं ठेवायला चालतात ते कॅन, ड्रायव्हर सीटमागं खाली, पट्ट्यानं आवळून. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात असते ती बारा व्होल्टची मोटर. नळ उघडला की प्रेशर पडतं आणि ती सुरू होते, बंद केला की आपोआप कटऑफ. एवढंच. वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, कारण वायर पत्र्याला घासून सोलली तर जळायला वेळ लागत नाही.

आणि ती शिवी पण लक्षात आहे. तुमच्याकडं दुरुस्तीला आलेला जुना पंप पडला होता, मी म्हणलं हाच द्या की स्वस्तात. औषध मारलेल्या पंपातनं पाणी पिणार का म्हणून जे झापलंत, शेजारचा टायरवाला पण बाहेर आला. नवीनच मोटर लावलीत, नळी पण आरओवाल्यांची पांढरी, कारण मी आणलेल्या बागेच्या हिरव्या पाइपाचा पाण्याला वास येत होता. तरीपण प्यायचा जार वेगळाच ठेव म्हणालात, तो वेगळाच आहे.

पहिल्या दिवशी घरी येऊन नळ सोडला तर दोन मिनिटात पाणी बारीक झालं आणि कॅन आत चेपत गेला, चिरमुऱ्याची पिशवी दाबावी तसा. फोनवर तुम्ही एकच विचारलं, "झाकणाला भोक पाडलास का?" हवा आत जायला वाटच नव्हती! भोक पाडलं, त्यावर बारीक जाळी लावली, झालं.

पण मला सगळ्यात आवडलं ते पेपरचं. रात्री सगळे नळ बंद, तरी मोटर दर दहा-पंधरा मिनिटांनी टक करून उठायची, झोप नाही. मला वाटलं मोटरच गेली. तुम्ही मोटरला हात पण लावला नाही, कालचा कोरडा पेपर प्रत्येक जॉइंटखाली अंथरला आणि चहा सांगितला. चहा संपला तेव्हा नळाखालच्या जॉइंटपाशी पेपरवर आठाण्याएवढा ओला डाग. कुठंतरी थेंब जातोय, प्रेशर पडतंय, म्हणून ती बिचारी उठतीय. क्लिप आवळायचे पैसे पण घेतले नाहीत.

परवा आईला घेऊन नळदुर्गला गेलो, किल्ला बघून झाडाखाली गाडी लावली. आईनं कडक भाकरी, शेंगाचटणी काढली, खाऊन झाल्यावर सवयीनं तांब्या शोधायला लागली, मी म्हणलं नळ सोड की. तिनं सोडला, हात धुतले, बंद केला, परत सोडला. तीनदा. मग विचारलं, "हे किती दिवसाआड येतं रे?"

नळाखालचा खरकट्या पाण्याचा कॅन तुम्ही सांगितल्यासारखा चांगल्या पाण्याच्या कॅनएवढाच ठेवलाय, चांगल्या पाण्याचा बदलला की हा पण रिकामा करायचा, रस्त्यावर सांडायचं नाही. घरी आलो की कॅन उपडे. पंपाच्या अलीकडची चाळणी मात्र अजून उघडून बघितली नाही, बोअरचं पाणी भरलं होतं, त्यामुळं आतमध्ये काय निघेल देव जाणे. शनिवारी घेऊन येतो, ओरडा खायची तयारी ठेवलीय. आणि रविवारी दुकान बंद असतं ना तुमचं? अक्कलकोटला चला की. पुढची सीट तुमची, कॅन मी भरतो.