प्रश्न विचारलास ना, मग आता थांब

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवसभर बोलून घसा बसतो आणि तरी मागच्या बाकांवरची मुलं हाताला लागत नाहीत, असं तू म्हणालीस. फोनवर उरकण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मला विचारशील तर तू फार बोलतेस. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर बहुतेक शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत, मग दुसऱ्याला उठवत नाहीतर स्वतःच उत्तर सांगून टाकत. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तीन सेकंद किती मोठे असतात हे फळ्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही! मनात आकडे मोज, खडू शोधायचं नाटक कर, पण जीभ आवर. प्रश्न आधी विचार, नाव मागून घे. नाव आधी घेतलंस की बाकीचा वर्ग सुटला.

दुसरी जागा म्हणजे मुलाने उत्तर दिल्यानंतरची. तिथेही थांबायचं असतं, हे बरेच जण विसरतात. तुझं ‘शाब्बास’ चटकन पडलं की इतरांचा विचार तिथेच संपतो. "तुला असं का वाटलं?" एवढंच म्हण. बुजऱ्या मुलांना आधी शेजाऱ्याशी बोलू दे, मग वर्गासमोर. जोडीदाराशी बोलून झालेलं असलं की उभं राहायला धीर येतो.

आता वजाबाकी. ५२ वजा ३८ बरोबर २६ असं कुणी लिहिलं तर लाल फुली मारून पुढे जाऊ नकोस. ते पोर निष्काळजी नाही, ते नियम पाळतंय: मोठ्यातून लहान काढायचं, मग तो अंक वर असो की खाली. म्हणून आठातून दोन गेले, सहा उरले. त्याला ५७ वजा २३ दिलंस तर उत्तर बरोबर येईल आणि तुला वाटेल, जमलं. चूक पकडायची तर ४१ वजा १७ दे. ३६ आलं की समज. मग काड्या काढ. पहिल्या गणितातल्या ५२ साठी दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या त्याच्यापुढे ठेव आणि त्यातून आठ सुट्या माग. तो अडेल. अडू दे. गठ्ठ्याचं रबर त्याच्याच हाताने सुटलं पाहिजे, तू सोडवलंस तर ‘उसना घेतला’ हे पुन्हा नुसतं पाठांतर होईल. वहीवरची मांडणी त्यानंतर.

गोंगाटावर ओरडणं हा उपाय नाही, मुलं तुझ्यावर आवाज चढवतात इतकंच. हात वर केला की सगळे गप्प, अशी एक खूण ठरव आणि वर्ग शांत असतानाच तिचा सराव घे. एकटाच कुणी चाळे करत असेल तर नाव न घेता, शिकवता शिकवता त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहा. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावणार आहेस म्हणालीस. मला तो मुळीच आवडत नाही. ज्याच्या नावापुढे चांदणी नाही त्याला ते रोज वाचावं लागतं.

तास संपायच्या आधी पाच मिनिटं राखून ठेव. प्रत्येकाला कागदाचा तुकडा आणि आज शिकवलेल्यातलं एकच गणित किंवा एकच प्रश्न. गुण द्यायचे नाहीत. नंतर चिठ्ठ्यांचे तीन ढीग कर: समजलेले, अर्धवट समजलेले, अजिबात न समजलेले. तिसरा ढीग मोठा निघाला तर दुसऱ्या दिवशी नवा धडा काढू नकोस, अभ्यासक्रम संपवायची घाई वरून कितीही होत असली तरी.

तुझी,
आई