विषय: सोसायटीच्या कॉमन डीबीतल्या (वीज वाटणाऱ्या बोर्डातल्या) बायपासबाबत आणि आरसीबीओ बसवण्याबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
स.न.

ग्रुपवर लिहिलं की अंगठा येतो आणि पुढे काही होत नाही, म्हणून लेखी देतोय, आवक नोंद करून घ्या.

मीटररूमच्या डीबीत सगळ्या सर्किटांना मिळून एकच आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच. पावसात पार्किंगच्या होल्डरमध्ये ओल गेली की ती पडायची, मग पंप, जिना, गेट सगळंच बंद. लोक वैतागले हे मान्य, पण खजिनदारसाहेबांनी इलाज काय काढला तर ओळखीच्या वायरमनकडून आरसीसीबीच बायपास करून घेतली. कव्हर उघडून बघा, येणाऱ्या-जाणाऱ्या वायरी एकत्र पिळून काळी टेप मारलीय आणि आरसीसीबी नुसती शोभेला बसलीय. टेस्टचं बटण दाबलं तर ढिम्म! (त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर कॉमनच्या सॉकेटवर चार्जिंगला असते आणि आरसीसीबी पडली की ते थांबायचं, हे मी फक्त नोंदवतोय.)

विचारलं तर म्हणे एमसीबी आहेत ना. अहो एमसीबी ओव्हरलोड नि शॉर्टसर्किटसाठी असते, ओल्या पंपाला हात लागून अंगातून 100 मिलीअँपिअर गेले तरी 16 अँपिअरच्या एमसीबीला पत्ता लागत नाही, माणूस मात्र जातो. मग मीटिंगमध्ये म्हणाले नवी 40 अँपिअरची आरसीसीबी लावू, 40 च्या वर गेलं की पडेल. तेही चूक, 40 म्हणजे तिला झेपणारा करंट, ओव्हरलोडला ती पडतच नाही. आणि परत एकच लावली तर दुखणं तेच, 30 मिलीअँपिअर गळतीवाली 15 मिलीअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकते, आणि सगळ्या एलईडी नि कॅमेऱ्यांचं थोडं थोडं लीकेज तिच्यातच जमा होतं.

म्हणून प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ हवा, तो आरसीसीबी नि एमसीबी दोन्हींची कामं करतो आणि पार्किंगमध्ये ओल गेली तर फक्त पार्किंग पडतं. पंप थ्री फेज आहे, त्याला फोर पोल (तिन्ही फेज नि न्यूट्रल तोडणारा), सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा), कारण मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते. बाकीचे टू पोल (फेज नि न्यूट्रल दोन्ही तोडणारे), टाइप ए (एलईडी-चार्जरसारख्यांची गळतीही ओळखणारे), 30 मिलीअँपिअर. लिफ्टचं लिफ्टवाल्या इंजिनिअरला विचारा, त्यात मी पडत नाही. जिना नि पार्किंगचं न्यूट्रल (परतीची वायर) एकत्र जोडलंय ते आधी वेगळं करा, नाहीतर आरसीबीओ विनाकारण पडतील आणि खापर माझ्या माथी फुटेल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत घरगुती कनेक्शनला गळतीची 30 मिलीअँपिअरची मर्यादा आहे. महाग पडेल म्हणता, पण गरब्याच्या लाइटिंगला पैसे निघतात, आणि ते कनेक्शनही ह्याच डीबीतून, खाली पोरं अनवाणी. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी मीटररूमच्या उंबऱ्याला लागलं होतं ते विसरलात का?

302 चे काका, सी विंगच्या वहिनी आणि बरेच जण माझ्याशी सहमत आहेत, फक्त सही करून वाईटपणा नको म्हणतात. माझा मेंटेनन्स आजवर कधी थकलेला नाही, हेही बघा.

बायपास ह्याच आठवड्यात काढा, आरसीबीओचं कोटेशन पुढच्या मीटिंगच्या आधी मागवा, आणि ह्यावेळी दुसऱ्या वायरमनकडून. नाहीतर बोर्ड सुरक्षित आहे असं खजिनदारसाहेबांनी सहीनिशी लिहून नोटीस बोर्डावर लावावं, मग मी गप्प बसतो.

आपला,
ए विंग, 104